चार फूट फळी

लिंबाजी सुताराने भिंत मोजली अन् म्हणाला,
"बाई, या खोलीत एकच फळी बसती. चार फूट.
लै केली तर साडेचार, पर मग दार आडतंय."

म्हणजे तीसेक पुस्तकं. जाड घेतली तर बावीस.
बाकीच्यांसाठी वैजनाथ उद्या टेम्पो आणतोय,
उदगीरच्या वाचनालयात जागा आहे म्हणे.

दुपारभर फरशीवर ढीग मांडून बसले.
आधी घेतली ती, ज्यांची नावं
शिक्षकांच्या मेळाव्यात मान वर करून सांगत आले.
त्यातलं एक उघडलं, तर पान त्रेचाळीसमध्ये
लातूर–उदगीर गाडीचं तिकीट,
आणि पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
पस्तीस वर्षं भांडले मी त्या पुस्तकाच्या बाजूने.
टेम्पोच्या ढिगात ठेवलं. उपडं.

मग खरीच वाचलेली.
एकावर करडईच्या तेलाचा डाग.
एक कवितांचं, शिवण उसवलेलं,
हातात घेतलं की एकाच कवितेपाशी उघडतं,
कुणी दिलं ते मात्र सांगत नाही.
एक टुकार रहस्यकथा:
खुनी सापडेपर्यंत तव्यावर
तीन भाकरी कोळसा झाल्या होत्या.
गेली फळीवर. लाज नाही वाटली.

तळाशी दादांचं निघालं.
उजवीकडून उघडणारं, कोपरा वाळवीने नेलेला.
दादा निजामाच्या शाळेत शिकलेले,
मराठी सही शेवटपर्यंत वाकडी,
पण दिवेलागणीला हे मांडीवर घेतलं
की त्यांची जीभ रेशमाची व्हायची.
शब्द कळत नसत आम्हाला;
कुठे गप्प व्हायचं ते कळायचं.
धाकटी वच्छी तर रडायची.

मला यातलं एक अक्षर येत नाही.
शेजारच्या मेहरुन्निसाआपांना दाखवलं,
त्यांनी चष्मा पुसला, चार पानं चाळली,
"पहला सफाच नहीं बाई.
अंदर बैलां के बीमारियां लिक्खे हैं."

खुरकत. पोटफुगी. औषधाची मापं.
त्या ओट्यावर सात भावंडं आम्ही
श्वास रोखून हे ऐकत होतो.

हसू आवरेना आम्हा दोघींना.
आपा गेल्या, मग जरा वेळ तशीच बसले.

लिंबाजी म्हणतो, हे जुनं आडवं टाका,
अजून एक मावंल.
नको म्हटलं. उभंच राहू दे.

टेम्पो आला तेव्हा
त्या उपड्या पुस्तकातलं तिकीट तेवढं काढलं,
दादांच्यात सरकवलं.
कुठल्या रोगापाशी, कोण जाणे.