पावापावाने

कर्किडकम महिन्याचे सात दिवस उरले
आणि हत्तीचं औषध उतरणीला लागलं.
वैद्य सांगून गेले:
एकदम काही तोडायचं नाही, वेलायुधन.
जुना ऋतू पाव पाव सोडायचा,
नवा पाव पाव धरायचा.
जनावर असो की माणूस,
दुखणं शिरतं ते दोन ऋतूंच्या फटीतूनच.

हे नवरा मला घरी येऊन सांगतो,
हाताला पिंपळीचा वास, नखांत च्यवनप्राश.
महिनाभर तो नीलांबरनला भरवतोय
भात, मूग, हळद, मीठ, चूर्ण
कालवून, नारळाएवढे गोळे वळून.
गोळा जिभेवर पार मागे ठेवावा लागतो,
कोपरापर्यंत हात आत.
तेव्हा हत्ती डोळे मिटतो.
(मला त्याने तीस वर्षांत असं भरवलेलं नाही,
पण तो मुद्दा वेगळा.)

देवस्वमच्या वहीत हत्तीचं वजन आहे,
नखांचा रंग आहे, लिदीचीसुद्धा नोंद आहे.
माहुताच्या गुडघ्यांना वही नाही.
ते रात्री पायऱ्यांवर वाजतात
सुक्या शेंगांसारखे.

परवा सागाच्या पानात बांधून
त्याने लिंबाएवढा गोळा आणला.
'उरला होता,' म्हणाला.
हत्तीच्या खाण्यातलं काही उरतं
हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
अर्धा त्याने खाल्ला, अर्धा मी.
कडू, मग तिखट, मग बराच वेळ गोड.
झोप मात्र लागेना.
कुणाच्या तरी तोंडचा घास.

सकाळी घरच्या केळ्यांचा घड घेऊन गेले.
नीलांबरनने सोंड पुढे केली,
घडाकडे नाही,
आधी माझं तोंड हुंगलं.
सापडले, वाटलं.
मग त्याने घड उचलला
सालासकट, दांड्यासकट,
आणि हिशोब मिटला.

आज चिंगमचा तिसरा दिवस.
गोळे निम्म्यावर आलेत, ऊन पिवळं पडलंय.
साखळीला नवं तेल लागलंय,
उत्सवांच्या तारखा आल्यात.
अंगात भरलेली ताकद कुणासाठी असते
ते वैद्य सांगत नाहीत.

वेलायुधन म्हणतो, कांजीत मेथी आता कमी घाल.
म्हणतो, ताडीही पाव सोडली.
उरलेल्या तीन पावांचं
मी अजून विचारलेलं नाही.
चार दिवस आहेत ऋतूला.