तीन नंबर

डावा कान मोडला कडोलीच्या तालमीत,
उजवा कोलंबोच्या क्लबात, स्क्रमखाली.
डॉक्टर म्हणाला, जोडी जमली.

अकरा वर्षं तीन नंबरची जर्सी.
सगळे सामने मिळून चेंडू हातात
तासभर असेल नसेल.
बाकी नुसती रेटारेटी:
डोकं खाली, समोर तुडवलेलं गवत
आणि कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी.

डाव्या काखेत बसलिंग, गोकाकचा.
त्याचा घाम माझ्या गालाला.
रेफरी थांबवून धरायचा तेवढ्या वेळात
तो कन्नडात पुटपुटायचा, मी मराठीत,
आणि मग दोघांचाही श्वास सुटायचा एकदम.

आबांना कुस्तीच ठाऊक.
फोनवर विचारायचे, चीत केलास की नाही?
मी सांगायचो, हललो नाही.

एकच ट्राय आहे नावावर.
ढिगाऱ्याखाली, चिखलात. कुणालाच दिसला नाही;
शिट्टी वाजली तेव्हा मलाही कळला.

मान गेली, करार गेला.
आता उचगावच्या वाटेवर रताळ्यांचा टेम्पो
तांबड्या मातीत रुतला
की पोरं मला हाक मारतात.
मी खांदा लावतो, डावीकडे हातभर जागा ठेवून.

ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघतो:
यल्लाप्पा, तिथं कोण यायचंय की काय?