दंत्य

क्वार्टर गेटाजवळ, बेकरीमागच्या बोळात
माझी कवळ्यांची लॅब. आधीचे झेवियर मिस्त्री
जाताना भट्टी, दोन साचे आणि भिंतीवरचं चित्र ठेवून गेले:
कोवळी पोर, हातात चिमटा, चिमट्यात दाढ.
"अपोलोनिया. दातदुखीवाल्यांची संत. काढू नकोस."
नऊ फेब्रुवारीला तिला मेणबत्ती लावते,
मेण लॅबमधलंच, गुलाबी.

पोर कसली, म्हातारी होती ती.
आलेक्झांड्रियाच्या बिशपानं पत्रात तसंच लिहिलंय,
चित्रकारांनाच सुरकुत्या जड गेल्या.
जमावानं जबड्यावर इतकं मारलं
की दाताच्या कण्या झाल्या.
आपण नुसतं म्हणतो.
तिच्या हनुवटीवरून त्या ओघळल्या.
मग वेशीबाहेर लाकडं पेटवली,
आम्ही म्हणतो ते म्हण, नाहीतर जाळू.

त थ द ध न. जीभ दाताला लागते ते दंत्य.
कवळी बसवली की गिऱ्हाइकाकडून मी हेच म्हणवून घेते.
म्हणजे तिला तेव्हा
देव म्हणता आलं नसणार,
दया नाही,
नाही सुद्धा नाही.
उरले ओठांचे: प, ब, म.
बापा, एवढं आलं असेल.
(ती ग्रीक बोलायची, ठाऊक आहे मला.
फुटलेल्या तोंडाला काय त्याचं.)

मंगळवारी घोरपडीहून रिबेकाबाई शेलार आल्या.
ससूनमध्ये आया होत्या, आता पेन्शन.
समोरचे चार एकदम गेलेले, फार जुनी गोष्ट.
"पडले," म्हणाल्या.
पडले की पाडले, मी विचारलं नाही.
मेणातले दात आरशात बघून म्हणाल्या,
"इतके सरळ नकोत. हा एक जरा पुढे होता माझा."
मी सुरी तापवली, दात अर्धा मिलिमीटर पुढे ओढला.

"ही कोण?"
सांगितलं. आगीपाशी म्हणाली, जरा हात सोडा,
आणि सोडल्यावर आपणहून उडी घेतली.
पुढे मोठमोठ्या लोकांनी वाद घातला,
ही आत्महत्या म्हणायची का.

रिबेकाबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.
"सोडा म्हणाली ना?
म्हणजे बोलता येत होतं तिला."

शुक्रवारी कवळी बसवली.
म्हणा, त, थ, द.
त्यांनी ते म्हटलंच नाही.
"सोडा," म्हणाल्या. थांबल्या.
परत, बेकरीपर्यंत जाईल असं, "सोडा."
पुढच्या दातामुळे स ला बारीक शिट्टी येत होती.
घासून देते, मी म्हटलं.

"राहू दे."