मानस

बाटली मशीनमध्ये ठेवून अकरा तास झाले
आणि लाल दिवा लागला.
चिठ्ठी वाचायची गरज नव्हती, अक्षर माझंच:
शाबा कुंडईकर, एकाहत्तर, चोडण.

काचेवर थेंब, ज्योतीवरून तीनदा,
जांभळा, आयोडीन, स्पिरिट, लाल.
भिंगाखाली गुलाबी काड्या,
मळणीनंतर खळ्यात राहतात तशा.
दुसऱ्या सकाळी ताटलीवर त्यांची वस्ती,
भिरंडाच्या सरबताच्या रंगाची.

मी ओळखते ह्यांना.
सत्तर वर्षं बाबांच्या आतड्यात राहिलेली मंडळी.
सुईणीच्या हातून आली असतील पहिल्या दिवशी,
पेज जेवली, सुकी सुंगटं जेवली,
भाड्यापोटी थोडं जीवनसत्त्व करून दिलं,
परक्याला बाकावर जागा दिली नाही.
भांडण ऐकू आलं नाही कधी.

आई फोनवर विचारते, कोणी आणलं हे?
पलीकडच्या खाटेवरचा खोकत होता, तो?
फेरीबोटीतून कोणी? ते नवे बंगलेवाले?
गावात काही बिघडलं की आम्ही आधी धक्क्याकडे बघतो,
कोण भायला उतरला.
आई, कोणी उतरलं नाही.
घरचेच आहेत.

पुस्तकात ह्यांना संधिसाधू म्हणतात.
तो शब्द आम्ही गोव्यात आमदारांवर इतका वापरलाय
की जंतूंसाठी उरलेला नाही.

मानस म्हणजे मन, हे शाळेत कळलं.
त्याआधी मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं,
आणि बाबा त्याचे राखणदार.
अमावास्येला, पुनवेला कंदील घेऊन
बांधावर पावलांनी चाचपत जायचे
खेकड्यांची बिळं शोधत.
बिळात मूठभर चिखल, पेंढा, वर टाच.
पाण्याला शिव्या द्यायचे नाहीत.
"पाणी काय, रोज तिथंच असतं."

कुलासो डॉक्टरीणबाई कर्करोग म्हणाल्या
तेव्हा हसलेच होते:
म्हणजे खेकडाच ना? ओळखीचा आहे.

औषधाने खेकडा मेला, निदान अर्धा.
बांधही विरघळला त्यात.
पांढऱ्या पेशी दोनशे.
वरच्या मजल्यावर जाऊन मी आकडा दोनदा विचारला,
दुसऱ्यांदा त्या पोराने नुसती मान हलवली.

ताटलीवर औषधांच्या बारा चकत्या मांडल्या.
आठांच्या अगदी कडेपर्यंत काड्या येऊन बसल्या,
चौघांभोवती मोकळी जागा.
मिलिमीटरच्या पट्टीने मोजली, वॉर्डात कळवली.
"कुणाचा रिपोर्ट?" विचारलं पलीकडून.
कुंडईकर, म्हणाले. माझंही आडनाव तेच, हे सुचलं नाही.

दारात स्पिरिट घेऊन हात चोळते.
वरवरचे मरतात.
नखांच्या मुळाशी, रेषांच्या तळाशी काही उरतात,
उद्या पहाटेपर्यंत घर पुन्हा भरलेलं.
त्यांच्याशिवाय मी एक दिवस धड राहणार नाही
आणि त्यांनाच बाहेर ठेवून बाबांजवळ बसायचं आहे.

ताप एकशे एक. ओठ सुकलेले.
आज तीथ काय गो?
पुनव, मी सांगते.
"म्हणजे मोठं पाणी. मानशीवर कोण आहे?"

मानस गेल्या वर्षी मोडली.
अर्ज पंचायतीत आहे,
शेतात कांदळ गुडघाभर वाढलीय, त्यात बगळे.

उल्हास आहे, मी सांगते.
ते डोळे मिटतात. मग एवढ्यात उघडतात.
"त्याला सांग, डाव्या अंगाला एक बीळ आहे.
वरून दिसत नाही."