मोड

अर्जात एक रकाना होता:
तुमच्या बालपणाबद्दल, दीडशे शब्दांत.
मी लिहिलं, एल्डर्शॉ, कालव्याच्या अलीकडची गल्ली,
बिस्किटांचा कारखाना. वारा पश्चिमेचा असला की
दोरीवरच्या चादरींनाही आल्याचा वास.
लिहिलं, आई पट्ट्यापाशी उभी असायची नऊ तास,
दर शुक्रवारी आणायची तुटक्या बिस्किटांची पिशवी,
आणि आठ वर्षांची होईतो मला वाटायचं
बिस्किट गोल नसतंच.

समितीला ही ओळ फार भावली, असं पत्रात होतं.
चार हजार पाउंड.
अकरा मिनिटांची फिल्म.

कारखान्याच्या जागी आता गाद्यांचं गोदाम आहे.
तुटकी बिस्किटं कुठंच मिळेनात.
तेव्हा नसीमनं तिच्या पर्समधली वीसची नोट मोडली,
सतरा पुडे आणले, अख्खे,
आणि भाड्याच्या त्या स्वयंपाकघरात
रात्री साडेअकरापर्यंत आम्ही चौघं
लाटण्यानं बिस्किटं मोडत बसलो.
हसत होतो. इमॉनच्या दाढीत चुरा.

सकाळी आई आली. कोट न काढताच
टेबलापाशी उभी राहिली.
'अख्खी होती?'
हो.
'विकत आणलेली?'
हो, आई.

तिनं एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला,
जसा दुसऱ्या कुणाच्या आईनं दागिना धरला असता.
'असं मधोमध कधी मोडत नाही.
आधी कड जाते. पट्ट्यावरून घसरलं की कड.
मधोमध मोडलंय म्हणजे कुणीतरी मुद्दाम मोडलंय,
आणि मुद्दाम मोडणारीचा पगार कापायचे.
इडीथ मॉसचा कापला होता. घरी पाच पोरं तिची.'

नसीमनं हेडफोन कानावरून खाली घेतले.
मी विचारलं, आणि तुझा?

'माझा कशाला कापतील,' आई म्हणाली,
'मी कडच मोडायचे.'

एवढंच. मग कोट काढला, खुर्चीवर टाकला,
आणि किटली कुठंय ते शोधू लागली.

हे काही पटकथेत नव्हतं.
पटकथेत बाई थकलेली होती, खिडकीतून बघत होती,
मुलगी पिशवी उघडत होती, आणि मागे पाऊस.
आम्ही तेच चित्रित केलं. पाऊस पाइपचा होता.
सातव्या टेकला केझायानं तोंड गच्च मिटून घेतलं:
आता नको, पोट दुखतं.
नऊ वर्षांची आहे. ती म्हणू शकते.
इमॉन म्हणाला, पाच मिनिटं घेऊ या सगळे,
आणि आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो,
विड्या ओढत, आकाशाला नावं ठेवत.

परत आलो तर टेबल लख्ख.
तुकडे पिशवीत, पिशवीला गाठ,
चुरा बाहेर चिमण्यांना,
आणि आई फडकं पिळत होती.
तीन शॉट बाकी होते त्या टेबलाचे.
कंटिन्युइटी बघणारा पोरगा रडायचाच बाकी होता.
पुडे संपलेले, दुकान रविवारचं बंद,
केझायाची बस साडेचारची.

तसंच घेतलं मग.
फिल्ममध्ये आठव्या मिनिटाला बिस्किटांचा ढीग आहे,
पापणी लवते न लवते तोच टेबल रिकामं,
ओलं, चकाकतं.
लीड्सच्या परीक्षकांनी शेरा दिला: धाडसी कट.
मी आभार मानले.

वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा
आई तिसऱ्या रांगेत होती, मांडीवर हातपिशवी.
स्वतःसारखी बाई पडद्यावर थकली,
खिडकीतून बघत राहिली,
तेव्हा ही जांभई देत होती.
आठव्या मिनिटाला मात्र सावरून बसली,
शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारलं
आणि जरा मोठ्यानंच म्हणाली,
'बघा. आत्ता कसं स्वच्छ दिसतंय.'