अतारांकित

फलज-अल-कबाइलच्या कँपात
जनरेटर रात्री दहाला बंद होतो,
म्हणून साडेनऊलाच वाचायला घेतलं.
दिल्लीहून आलेला कागद, चार पानी,
माझ्या फोनच्या तडकलेल्या काचेत.

अतारांकित प्रश्न क्रमांक तीनशे अठरा.
"अतारांकित म्हणजे रे?" विलास घडशीनं विचारलं.
म्हटलं, ज्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागत नाही तो.
"आयला," तो म्हणाला, "आणि आपण सात महिने उभेच."

विचारणार: श्रीमती वैजयंती तांबिटकर.
बाईंना मी एकदाच पाहिलंय,
म्हाप्रळच्या जेटीवर, प्रचारात,
चपला हातात घेऊन गाळातून होडीकडे जाताना.
मतदानाला आठ दिवस होते, माझी सुट्टी संपली.
माझं मत त्यांना नाही, हे त्यांना ठाऊक नाही.
मला आहे.

तरी पत्र मीच लिहिलं होतं,
हजेरीच्या वहीचं पान फाडून,
टाइमकीपरच्या अक्षरात, खाडाखोड न करता:
कंपनीला टाळं. पगार नाही.
पासपोर्ट कपाटात, कपाटाची चावी मस्कतला,
पाण्याचा टँकर दिवसाआड,
माणसं तेवीस.

तिथे ते सरकारी भाषेत शिरलं होतं,
बांगडा डब्यात शिरतो तसं:
डोकं नाही, शेपूट नाही, पण मासा तोच.
चावी गळली होती.
टँकर होता.
टँकर संसदेत पोहोचला म्हणून सगळे हसले,
कारण इथे तो आज आला नव्हता.

(अ) होय.
(ब) माहिती गोळा करण्यात येत असून
सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.
(क) प्रश्न उद्भवत नाही.

करीमनगरच्या मल्लय्याला मराठी येत नाही, हिंदी अर्धीमुर्धी.
त्यानं "होय" तेवढं परत वाचायला लावलं.
त्याचा खासदार दुसरा, त्याला कुणी लिहिलंच नाही;
पण बाईंच्या एका ओळीत मल्लय्याही मावला,
ट्रकच्या केबिनमध्ये सरकून सरकून
अजून एक बसवतात तसा.

मग (ड).
दूतावासाच्या नोंदीनुसार
सदर ठिकाणी बावीस भारतीय कामगार.

बावीस.

मी थांबलो. टाइमकीपरचा आकडा चुकत नाही.
दारात रफीकुल उभा होता, नोआखालीचा,
हाताला कांद्याचा वास,
दुकानदाराच्या पाया पडून आणलेल्या डाळीवर
सात महिने आमची ताटं भरणारा.
मी त्याला मोजलं होतं.
न मोजता कसं लिहायचं, सुचलंच नव्हतं.

आणि दूतावास बरोबर होता. बाईही बरोबर.
चूक कुठे शोधून सापडली नसती.
बाईंचा मतदारसंघ खाडीपासून घाटापर्यंत,
ताणला तर करीमनगरला पोहोचतो,
त्यापुढे धागा तुटतो.

"कितना लिखा है, भाई?" त्यानं विचारलं.
मी मोठ्यानं वाचलं:
तेवीस.
विलासनं माझ्याकडे पाहिलं. अंक त्यालाही वाचता येतात.
तो पाय चोळत बसला.
दिवे गेले.

मग फोनच्या उजेडात दुसरं पान फाडलं.
मा. खासदार महोदया, स. न.,
आपल्या "होय"बद्दल आभार.
एक पूरक प्रश्न आहे. तो आपल्या सभागृहात
विचारता येतो की नाही, मला कळत नाही.
आमच्यात एक माणूस आहे, तो

इथे पेन अडलं.
बाहेर रफीकुल उद्यासाठी हरभरे भिजत घालत होता,
माणशी एक मूठ, पुटपुटत, मोजून.
त्यानं स्वतःला धरलं की नाही
ते काळोखात ऐकू आलं नाही.