एकेचाळीस, बेचाळीस

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात
पहाटे पाच चाळीसला थप्पी कोसळली.
मी पोहोचलो तोवर त्याला नेलं होतं.
खाली कांद्याची टरफलं, पायांचे ठसे,
आणि एका फुटक्या गोणीत रुतलेली आकडी,
मूठ घामानं काळी पडलेली.

पत्र्याच्या फटीतून उजेड येत होता
आणि आकडीच्या वीतभर अलीकडे थांबत होता.
मी वाट पाहिली. खरंच पाहिली, चार-पाच मिनिटं.
मग इकडेतिकडे बघून
ती उपसली, उजेडात रुतवली.

नौपाड्यात, भजीवाल्याच्या वरच्या मजल्यावर
शृंगारपुरे म्हणाले, "कार्ड दे.
निवडलेले नकोत. सगळे."
चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकलेलं,
तांदळातले खडे वेचावेत तसे एकेक फ्रेम.
एकेचाळीस.
बेचाळीस.
परत एकेचाळीस.
बोट बटणावर तसंच.
खाली तेल चरचरत होतं.

वाटलं, आता ओरडतील.
"नाव काय त्याचं?"
"माथाडी कामगार. वय साधारण पंचेचाळीस."
"साधारण," ते म्हणाले. एवढंच.
आणि माझा कॅमेरा ड्रॉवरमध्ये ठेवून
कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी नुसती वही घेऊन गेलो.
गळ्यात पट्टा नाही
तर हातांचं काय करायचं ते कळेना.
टोळीतल्या शेडग्यांनी चहा
बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.
"लिहा. धोंडिबा मारुती येवले.
येवले, एवले नाही. पासबुकात चुकलंय,
तुम्ही तरी चुकू नका.
वय एक्कावन्न. पोरगी नर्सिंगला, कोपरखैरण्यात.
तिला विचारल्याशिवाय तिचं लिहू नका."
मी तिचं खोडलं.

मग चहा संपेपर्यंत गप्प.
मग, "काल आकडी हलवणारे तुम्हीच ना?"

मान वर होईना.

"माझी होती ती.
गोणी तशीच टाकून धावलो ना मी.
त्याची त्याच्या कमरेला होती,
तशीच गेली दवाखान्यात."

तोवर मला वाटत होतं
मी फक्त वीतभर खोटं बोललोय.

छापून आली फ्रेम सव्वीस.
वजनकाटा, मागे दोन पाठमोरी माणसं,
एक जरा हललेला.
पान पाच, खालच्या कोपऱ्यात.
येवले बरोबर होतं.

बेचाळीस अजून आहे. उजेड काय पडलाय तिच्यात!
एका जिवंत माणसाची आकडी
मेलेल्याची म्हणून चमकते आहे.
शृंगारपुरे पुसू देत नाहीत.
कोणी नवा शिकायला आला
की त्याचं नाव विचारतात, नीट, स्पेलिंगसकट,
आणि मग माझ्याकडे न बघता,
"बेचाळीस आहे ना रे?"

मी उठतो, कार्ड शोधतो.